प्लाझ्मिडांतील संरक्षित आरएनए संरचना

जीवाणूंच्या प्लाझ्मिडांवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या, स्वतंत्रपणे प्रती बनवणाऱ्या डीएनएवर) तयार होणाऱ्या काही आरएनए रेणूंच्या घड्या नातलग प्लाझ्मिडांत जवळजवळ तशाच टिकून आहेत. त्यांना ‘संरक्षित आरएनए संरचना’ म्हणतात. पेशीत प्लाझ्मिडाच्या प्रती किती असाव्यात, हे ठरवणे त्यांपैकी अनेकांचे काम आहे.

सर्वांत सखोल अभ्यास ई. कोलाय या जीवाणूमधील कोल-ई१ प्लाझ्मिडाचा झाला आहे. प्रतिकृतीच्या आरंभस्थानाआधी ५५५ बेसजोड्यांवर आरएनए-२ ची सुरुवात होते. तो डीएनएला चिकटून राहिला, की आरनेज-एच हे एंझाइम त्याला आरंभस्थानाशी कापते आणि त्या टोकापासून डीएनए पॉलिमरेज-१ नवी साखळी विणू लागते. त्याच पट्ट्यावर उलट दिशेने सुमारे १०८ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए-१ बनतो: बेस जुळून बनलेल्या तीन दांड्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर न जुळलेल्या बेसांचा एक फास. हे फास आरएनए-२ च्या पूरक फासांना भिडले, की त्याची घडी बिघडते व प्रतिकृती सुरू होत नाही. प्रती वाढल्या की आरएनए-१ वाढतो आणि संख्या आपोआप आवरते. संशोधक तोमिझावा व सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास हे उलगडले. आर-१ या दुसऱ्या प्लाझ्मिडातील, तसाच प्रतींना आवर घालणाऱ्या कॉप-ए आरएनएचे कार्यही त्याच सुमारास स्पष्ट झाले.

येथे टिकते ती घडी, अक्षरे (बेसांचा क्रम) नव्हेत. दांडीतला एक बेस बदलला, तर समोरचा जोडीदारही बदललेला आढळतो. फासातले मात्र एकच अक्षर बदलले तरी दोन प्लाझ्मिडे परस्परांना ओळखेनाशी होऊन एकाच पेशीत नांदू शकतात. म्हणून केवळ अनुक्रम जुळवून असे नातलग शोधणे अपुरे पडते. आरएनए कुटुंबांची नोंद ठेवणारे आरफॅमसारखे संग्रह घडीचाही आधार घेतात.

प्रतिकृती रोखण्यासाठी रोधक व लक्ष्य असे दोन्ही आरएनए टोकापर्यंत जुळावे लागतात, असे पूर्वी मानत. कॉप-ए व त्याचे लक्ष्य कॉप-टी यांवरील प्रयोगांत मात्र फासांच्या भेटीतून बनणारा चौपदरी सांधाच पुरेसा ठरला. हेच मत अधिक ग्राह्य दिसते.

आर-१ वरील हॉक–सॉक जोडीचे काम निराळे आहे: हॉक हे विषाचे जनुक, तर सॉक हा त्याचा संदेश रोखणारा आरएनए. हॉकचा संदेशवाहक आरएनए घट्ट घडीमुळे दीर्घायुषी असतो, सॉक अल्पायुषी. प्लाझ्मिड हरवलेल्या पेशीत सॉक आधी संपतो. हॉकचे ३′ टोक हळूहळू झिजून घडी उलगडते आणि ५२ अमिनो आम्लांचे विष तयार होऊन पेशीपटल निकामी करते.

एफ प्लाझ्मिडावरील फिन-पी हा आरएनए ट्राज जनुक रोखून संयुग्मनाला (एका पेशीतून दुसरीत प्लाझ्मिड जाण्याला) आळा घालतो. स्टॅफिलोकॉकसमधील पीटी-१८१ या प्लाझ्मिडात अँटिसेन्स (उलट दिशेने बनणाऱ्या पूरक) आरएनएमुळे प्रतिकृती सुरू करणाऱ्या रेप-सी जनुकाचे आरएनएत होणारे लेखनच अर्ध्यावर तुटते.