बाहेरचा उमेदवार आणि पक्षाचे नियम: १९६८ ते २०१८

अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्ष बाहेरून आलेल्या उमेदवाराला न्यायाने वागवतो का, हा प्रश्न २०१६ साली अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या उमेदवारीमुळे ऐरणीवर आला असला, तरी त्याचे मूळ पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या १९६८ च्या शिकागो अधिवेशनात आहे. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी प्रायमरी निवडणुका, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत होणारे मतदान, गाजवल्या. जूनमध्ये केनेडींची हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये उमेदवारी मिळाली ती एकाही प्रायमरीत न उतरलेल्या उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, कारण अधिवेशनात मत देणाऱ्या बहुसंख्य प्रतिनिधींची निवड तेव्हा राज्याराज्यांतील पक्षनेत्यांच्या हातात होती.

अध्यक्षीय निवडणुकीत हम्फ्री हे रिपब्लिकन पक्षाच्या रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने प्रतिनिधींची निवड सामान्य मतदारांपर्यंत नेली. पण १९७२ मध्ये खुद्द मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्ये गमावून बसले. १९८० मध्ये कार्टर यांचाही मोठा पराभव झाला, तेव्हा उमेदवार निवडताना अनुभवी नेत्यांना पुन्हा स्थान हवे, हे मत पक्षात बळावले. हंट आयोगाच्या शिफारशीवरून १९८४ पासून खासदार, गव्हर्नर आणि पक्ष पदाधिकारी ‘सुपरडेलिगेट’ म्हणून अधिवेशनात बसू लागले. त्यांच्यावर कोणत्याही प्रायमरीच्या निकालाचे बंधन नव्हते.

सँडर्स हे १९९१ पासून काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) अपक्ष सदस्य होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये, म्हणजे आयोवा राज्यात उमेदवारीच्या शर्यतीतील पहिले मत पडण्याच्या आधीच, असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत ३५९ सुपरडेलिगेट हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते, तर सँडर्स यांच्या बाजूने अवघे ८. क्लिंटन यांना प्रायमरीत मतेही स्पष्टपणे जास्त मिळाली, त्यामुळे सुपरडेलिगेटांनीच निकाल फिरवला असे म्हणणे योग्य ठरणार नाही. परंतु शर्यत सुरू होण्यापूर्वीच एका बाजूचे पारडे इतके जड दिसू लागले, की मतदारांच्या मनात संशय निर्माण होणे अपरिहार्य होते.

न्यूयॉर्कमधली अडचण वेगळी होती. तेथे प्रायमरीत फक्त त्या पक्षात नोंदणी असलेल्यांनाच मत देता येते. तेथील प्रायमरी १९ एप्रिल २०१६ रोजी झाली, पण आधीच नोंदणीकृत असलेल्या मतदाराला पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजीच संपली होती. सँडर्स यांच्याकडे वळलेले असंख्य अपक्ष मतदार त्यामुळे बाहेर राहिले. रिपब्लिकन बाजूला डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही याच कारणाने वडिलांना मत देता आले नाही. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी निवडावा, हे तत्त्व मला रास्त वाटते, पण सहा महिन्यांहून आधी संपणारी मुदत निष्ठा तपासत नाही, ती उशिरा जागृत झालेल्या नागरिकाला फक्त दार बंद करते.

खरा विश्वासघात झाला तो जुलै २०१६ मध्ये. पक्षाच्या सनदेत प्रायमरीच्या काळात पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षांनी निःपक्षपाती राहावे असे कलम असूनही, त्या समितीतील काही कर्मचारी सँडर्स यांच्याविरुद्ध मजकूर लिहीत होते, हे फुटलेल्या ईमेलांतून उघड झाले. फिलाडेल्फिया अधिवेशनाच्या तोंडावर समितीच्या अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावे लागले. उमेदवाराकडून निष्ठा मागण्याचा पक्षाला अधिकार आहे. स्पर्धा चालवणाऱ्यांना मात्र बाजू घेण्याचा अधिकार नाही, आणि इथे नेमकी हीच मर्यादा ओलांडली गेली.

२०१८ मध्ये पक्षाने दोन बदल केले. लढत चुरशीची असेल तर सुपरडेलिगेटांना अधिवेशनातील मतदानाच्या पहिल्या फेरीत मत देता येणार नाही, असे ठरले. आणि आपण डेमोक्रॅट आहोत व निवडून आल्यास डेमोक्रॅट म्हणूनच कारभार करू, असे लेखी वचन प्रत्येक उमेदवाराकडून घेतले जाऊ लागले. सँडर्स यांनी मार्च २०१९ मध्ये त्यावर सही केली. त्याच सुमारास सिनेटच्या पुढील निवडणुकीसाठी त्यांनी भरलेल्या कागदपत्रांत मात्र ते अपक्षच होते.