पाण्याला एकच दार: ग्रीसच्या थेसाली प्रांताची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात 'डॅनिएल' वादळ थेसालीवर येऊन ठाण मांडून बसलं. पेलिऑन डोंगरावरच्या झागोरा गावात एका दिवसात ७५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. खाली मैदानात पालामास, मेतामोर्फोसी, व्लोखोस ही गावं छपरापर्यंत पाण्यात गेली, १७ माणसं दगावली आणि वेचणीच्या तोंडावर आलेला कापूस उभ्याउभ्या कुजला. पाऊस विक्रमी होता, पण पाणी इतके दिवस का हटलं नाही, याचं उत्तर या प्रांताच्या घडणीत आणि त्यावर माणसाने केलेल्या कामांत आहे.

थेसाली म्हणजे कड उंच असलेली परात. उत्तरेला २,९१७ मीटर उंचीचा ऑलिंपस, पूर्वेला ओस्सा आणि पेलिऑन, दक्षिणेला ओथ्रिस, पश्चिमेला पिंदसची रांग. परातीच्या मधोमध ठेंगण्या टेकड्यांची आडवी रेघ असल्याने मैदानाचे दोन भाग पडतात: पश्चिमेला त्रिकाला-कार्दित्साचं, पूर्वेला लारिसाचं. पिनिओस ही मुख्य नदी. एनिपेआस, पामिसोस, सोफादितिकोस अशा उपनद्या पश्चिम मैदानातच तिला मिळतात. तिथून सगळं पाणी कालामाकीच्या अरुंद खिंडीतून लारिसाकडे सरकतं आणि शेवटी ऑलिंपस व ओस्सा यांच्यामधल्या टेंपीच्या घळीतून एजियन समुद्रात पडतं. समुद्राकडे जायला नदीला हे एवढंच दार. पालामास नेमकं उपनद्या एकत्र येतात त्या सखल भागात आहे. पुढची खिंड तुंबली की पाणी मागे फुगतं आणि सर्वांत आधी तिथे चढतं.

ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होती. थेसाली पूर्वी सरोवर होतं, ही समजूत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवली आहे. इ. स. पू. ४८० मध्ये स्वारीवर आलेला इराणी सम्राट झेर्क्सिस नदीचं मुख पाहायला गेला. नदीला दुसरी वाट आहे का, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, थेसालीचे लोक वेळीच शरण आले हे शहाणपणाचं, कारण घळ बुजवली असती तर सारा प्रांत बुडाला असता.

सपाट जमीन, मुबलक धान्य आणि घोड्यांना चारा, यांमुळे इथे अथेन्ससारखी एकच बलाढ्य नगरी न होता मोठ्या जमीनदार घराण्यांचं राज्य चाललं. प्रांताचे चार भाग होते: पेलास्गिओटिस, हेस्टिआओटिस, थेसालिओटिस आणि फ्थिओटिस. युद्धाच्या वेळी सगळ्यांचा मिळून एक सेनानी नेमत. पुढे मॅसिडोनियाचा दुसरा फिलिप थेसालीचा प्रमुख झाला आणि इथलं घोडदळ अलेक्झांडरच्या सैन्यात गेलं. इ. स. पू. ४८ मध्ये सीझरने पॉम्पीला हरवलं ते फार्सालसही याच मैदानात.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन आले. त्यांच्या काळात त्रिकाला हे संजकाचं, म्हणजे ऑटोमन जिल्ह्याचं, ठाणं होतं. १८८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या करारानुसार थेसालीचा बहुतेक भाग ग्रीसकडे आला, पण उत्तरेचा एलासोना तालुका १९१२ पर्यंत तुर्कांकडेच राहिला. १८९७ च्या युद्धात तुर्की फौजांनी मैदान पुन्हा व्यापलं आणि पुढच्या वर्षी सोडलं.

या हस्तांतराची किंमत कुळांनी मोजली. ऑटोमन काळात मोठ्या वतनांवर, म्हणजे चिफ्लिकांवर, राबणाऱ्या 'कोलिगोस' कुळांना घर आणि वहिवाटीचे परंपरागत हक्क होते. करारात जमीनमालकांची मालकी राखायचं वचन ग्रीसने दिलं. कॉन्स्टँटिनोपलच्या धनाढ्य ग्रीकांनी ही वतनं विकत घेतली आणि ग्रीक कायद्यापुढे कूळ निव्वळ भाडेकरू ठरलं, कधीही काढता येईल असं. वाटा तिजाईचा किंवा अर्धेलीचा, आणि मुदत मालकाच्या मर्जीची. मार्च १९१० मध्ये लारिसाच्या सभेला निघालेल्या शेतकऱ्यांनी किलेलेर स्थानकात बिनतिकीट गाडीत चढायचा प्रयत्न केला. गाडीतल्या रेल्वे अधिकाऱ्याने नकार दिला, दगडफेक झाली आणि त्याच गाडीतल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. जमीनवाटपाचे कायदे १९१७ पासून आले, पण प्रत्यक्ष वाटपाने वेग घेतला तो १९२३ नंतर, आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, निर्वासितांचे लोंढे आल्यावर.

जमीन तुकड्यांत वाटली गेली, तसं पाणथळ सुकवून आणखी जमीन मिळवायचं काम जोरात आलं. पूर्व मैदानाच्या सर्वांत खोल जागी कार्ला सरोवर होतं. पिनिओसला पूर आला की जास्तीचं पाणी तिकडे वळायचं. नदीला बांध घातल्यावर ती वाट बंद झाली. १९६२ मध्ये डोंगरातून व्होलोस बंदराजवळच्या पागासेतिक आखातापर्यंत सुमारे १० किलोमीटरचा बोगदा काढून कार्ला कोरडं केलं. मासेमारी संपली, क्षारपड जमिनी वाढल्या, विंधनविहिरींच्या उपशाने भूजल खोल गेलं. फार्सालाच्या परिसरात तर जमीन खचून भेगा पडल्या. माझ्या मते थेसालीतली ही सर्वांत महागडी चूक. पुढे युरोपीय निधीतून ३८,००० स्त्रेमांचा जलाशय बांध घालून पुन्हा भरावा लागला. (एक स्त्रेमा म्हणजे १,००० चौरस मीटर, जवळपास दहा गुंठे.)

उन्हाळ्यात मात्र याच मैदानाला पाणी पुरत नाही, कारण कापसाला जुलै-ऑगस्टमध्येच पाणी लागतं. १९५९ च्या प्लास्तिरास धरणाने पिंदसपलीकडे वाहणाऱ्या आखेलोओस नदीच्या एका उपनदीचं पाणी इकडे वळवलं. मूळ आखेलोओस वळवण्याची योजना मात्र न्यायालयीन निकालांत वारंवार अडकली.

कारभाराची वाटणीही पाण्याच्या वाटेला धरून झाली नाही. १८८१ नंतर लारिसा आणि त्रिकाला हे दोनच जिल्हे होते. कार्दित्सा आणि मॅग्नेशिया कायमचे वेगळे झाले ते १९४० च्या दशकात. १९८७ मध्ये प्रांत आखला गेला आणि स्थानिक कारभाराच्या 'कालिक्रातिस' सुधारणेने १ जानेवारी २०११ पासून निवडून आलेला प्रांतप्रमुख त्याचा कारभार पाहू लागला. आज लारिसा, त्रिकाला, कार्दित्सा, मॅग्नेशिया आणि स्पोरादेस बेटं असे पाच विभाग आणि २५ नगरपालिका आहेत. राजधानी लारिसा, बंदर व्होलोस. त्याशिवाय केंद्र सरकारचं विकेंद्रित प्रशासन वेगळं, ते शेजारच्या मध्य ग्रीसलाही सांभाळतं. पूरकामं प्रांताकडे, विहिरींचे परवाने त्या प्रशासनाकडे, कालवे आणि पंप स्थानिक सिंचन संस्थांकडे, अशी पाण्याची कामं वाटलेली होती. २०२० मध्ये 'इआनोस' वादळाने कार्दित्सा बुडवलं, तरी ही विभागणी तशीच राहिली. डॅनिएलनंतर ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत २०११ पासूनचे प्रांतप्रमुख कोस्तास आगोरास्तोस हरले. २०२४ मध्ये खास कायदा करून सबंध थेसालीच्या पाण्यासाठी एकच संस्था उभी केली गेली.

तोवर पुराचं पाणी कार्लात साचून सरोवर जुन्या आकाराएवढं पसरलं होतं. बोगद्याची क्षमता मर्यादित, त्यामुळे पाणी उतरायला महिनोन्महिने लागले. पाण्याबरोबर गोड्या पाण्यातले मासेही आखाताकडे गेले आणि खाऱ्या पाण्यात मेले. ऑगस्ट २०२४ मध्ये व्होलोसच्या किनाऱ्यावरून १०० टनांहून जास्त मेलेले मासे उचलावे लागले.