ठासणीच्या बंदुकीचं तोंड आतून रुंदावणं

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही पुढूनच भरतात, तर ती गोळी पटकन आत सरकावी म्हणून नळीच्या तोंडाजवळचा इंच-दोन इंच भाग आतून हाताने घासून किंचित नरसाळ्यासारखा उतरता करतात, हौशी नेमबाज याला कोनिंग म्हणतात.

ही भानगड मुळात रायफलची, म्हणजे आतून आटे पाडलेल्या नळीची. आट्यांनी गोळीला फिरकी द्यायची तर ती घट्ट बसायला हवी, म्हणून शिशाची गोळी चरबी लावलेल्या चिंधीत धरून गजाने ठासतात आणि खरा घाम निघतो तो पहिल्या अर्ध्या इंचातच, एकदा आत शिरली की पुढे जाते. इंग्रजांच्या बेकर रायफलीसोबत (१८००) सुरुवातीला शिपायांना गोळी ठोकायला चक्क लाकडी हातोडी दिली होती! त्यात काळी दारू जळून निम्म्याहून जास्त घनरूपातच उरते, त्यातला काही भाग धूर होऊन जातो आणि बाकीची काजळी नळीत बसते, त्यामुळे दर बाराला काम अजूनच जड.

निमुळत्या दांड्याला पॉलिश पेपर लावून तो नळीत सावकाश फिरवणं ही नेहमीची पद्धत, जुने कारागीर कानस वापरायचे. उतार सगळीकडून सारखा हवा, नाहीतर गोळी सुटताना एका बाजूने गॅस आधी निसटतो आणि नेम गेलाच. उतार नीट असला तरी नेम बिघडतो का, यावर हौशी मंडळींत कायम जुंपलेली असते.

पुण्याच्या इतिहासात मात्र याची फारशी गरज पडली नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांशी झालेल्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे होत्या त्या मस्केट, नळी गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा चांगलीच लहान, सरळ आत घसरायची (नेम यथातथाच, पण भरणं झटपट). देशी तोड्याच्या (म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या) बंदुकांच्या तोंडाला बाहेरून जो फुगवटा दिसतो तोही वेगळा, त्याचा कोनिंगशी काही संबंध नाही. पुढे १८४९ च्या मिनिए गोळीने प्रश्नच मिटवला, ती सैल आत जायची आणि बार उडाला की बूड फुगून आट्यांत बसायची.

भारतात बंदुकीत बदल किंवा दुरुस्ती करायलासुद्धा शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन लागतं, आणि वाड्याच्या माळ्यावर सापडलेली बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही आहेच, तेव्हा घरी कानस घेऊन बसू नये.