केसांचे बंध-उपचार

ब्लीच, रंग किंवा पर्मिंगमुळे केसांतील केराटिन या प्रथिनाचे जे रासायनिक बंध तुटतात ते वाचवणे, अथवा तुटलेल्या जागी नवे जोड बसवणे, या उद्देशाने सलूनमध्ये केला जाणारा उपचार. ‘बाँड बिल्डर’, ‘बाँड रिपेअर’, ‘प्लेक्स’ ही नावे व्यवहारात जवळजवळ एकाच अर्थाने चालतात. केराटिन ट्रीटमेंट व स्मूदनिंग यांचा हेतू केस सरळ आणि गुळगुळीत करणे हा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. आजच्या स्वरूपातील बंध-उपचार साधारणपणे २०१४ पासून प्रचारात आले; त्यांमागील कल्पना मात्र बरीच जुनी असून ती लोकरीच्या रसायनशास्त्रातून आलेली दिसते.

केसाचे बाह्य आवरण एकमेकांवर चढलेल्या चपट्या शल्कांचे असते. माणसाच्या केसात या शल्कांचे सामान्यतः ६ ते १० थर आढळतात. त्यांच्या आत कॉर्टेक्स हा मुख्य भाग असून केसाची ताकद आणि नैसर्गिक रंग (मेलॅनिन) दोन्ही तेथेच असतात. केराटिनच्या साखळ्या तीन प्रकारच्या बंधांनी एकत्र राहतात. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस वाळला की पुन्हा जुळतात. ब्लो-ड्राय करून बसवलेले केस पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतात ते यामुळे. आयनिक बंध माध्यमाच्या आम्ल-अल्कतेनुसार कमीजास्त होतात. तिसरा डायसल्फाइड बंध हा सिस्टीन या ॲमिनो आम्लातील गंधकाच्या दोन अणूंमधला सहसंयुज (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून झालेला, मजबूत) बंध होय. ओल्या केसाची ताकद मुख्यतः याच बंधांवर उभी असते. म्हणून ब्लीच केलेला केस कोरडा असताना बरा वाटला, तरी पाण्यात भिजताच त्याची खरी अवस्था कळते. निरोगी ओला केस सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर पूर्ववत आखडतो. फार ब्लीच झालेला केस चिवट रबरासारखा लांबत जातो, परत येत नाही आणि शेवटी तुटतो. रंग लावण्यापूर्वी कसबी केशतज्ज्ञ एक बट ओली करून बोटांनी हळूच ताणून पाहतात, ती हीच परीक्षा.

ब्लीचमध्ये अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनियम, पोटॅशियम किंवा सोडियम यांची परसल्फेटे असतात. हे मिश्रण मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करते, आणि तसे करताना शेजारच्या सिस्टीनलाही सोडत नाही. नेहमीच्या ब्लीचमध्ये १५ ते २५ टक्के, तर अतिशय कडक ब्लीचमध्ये ४५ टक्क्यांपर्यंत डायसल्फाइड बंध नष्ट होतात, असे केशरसायनशास्त्राच्या संदर्भग्रंथांत नमूद आहे. तुटलेल्या बंधातील गंधकाचे रूपांतर मुख्यतः सिस्टेइक आम्लात होते. यासोबत शल्कांवरील मेदाम्लाचा नैसर्गिक थरही निघून जातो. केस खरखरीत लागतो, पाणी पटकन शोषतो आणि त्यावर चढवलेला रंग धुण्यात लवकर उतरतो.

पर्मिंगची रीत याहून वेगळी. तेथे थायोग्लायकोलेट या पर्मिंगच्या रसायनाने बंधाचे क्षपण होते, म्हणजे गंधकाला हायड्रोजन जोडला जाऊन थायॉल गट तयार होतात, आणि नंतर सौम्य ऑक्सिडीकारकाने त्यांतील बहुतेक पुन्हा जुळवता येतात. थायॉल परत जोडता येतो. सिस्टेइक आम्ल केसावरील व्यवहार्य परिस्थितीत मागे फिरवता येत नाही. बंध-उपचारांविषयीचा बराचसा मतभेद या एका फरकावर येऊन थांबतो.

कल्पनेचा उगम कोठला याविषयी एकमत नाही. डेव्हिड गोडार्ड व लिओनॉर मिकेलिस यांनी १९३४ मध्ये थायोग्लायकोलिक आम्लाने केराटिनचे क्षपण होते हे दाखवून दिले. १९४१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या शोधपत्रिकेत पॅटरसन, गायगर, मिझेल व हॅरिस यांनी लोकरीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकरीतील डायसल्फाइड बंध आधी क्षपणाने तोडले, मग दोन टोकांना अभिक्रियाशील असलेली डायहॅलाइड संयुगे वापरून थायॉल गटांमध्ये नवे पूल बांधले. अशी लोकर ताकद बऱ्याच अंशी परत मिळवते असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये लीड्स येथे स्पीकमन व त्यांचे सहकारीही त्याच सुमारास लोकरीच्या तंतूंत साखळ्यांना जोडणाऱ्या आडव्या बंधांचा अभ्यास करीत होते. या कामाला आजच्या उपचारांचे मूळ मानावे की केवळ दूरचे साधर्म्य, हा प्रश्न उरतो. तुटलेल्या थायॉलांमध्ये दुहेरी टोकाचा रेणू बसवायचा हे तत्त्व तेथे पूर्णपणे आलेले असल्याने पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र लोकरीवरील ते प्रयोग क्षपणानंतरचे होते, ब्लीचनंतरचे नव्हते. पुढच्या जाहिरातींत हा तपशील बहुधा गळालेला असतो.

बाजारात हा प्रकार रूढ केला तो ओलाप्लेक्स या अमेरिकी कंपनीने, २०१४ मध्ये. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित क्रेग हॉकर व एरिक प्रेसली या रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी बिस-ॲमिनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमॅलिएट हे संयुग पुढे आणले. लवकरच इतर कंपन्यांची उत्पादने आली. त्यांत मॅलेइक आम्ल, सक्सिनिक आम्ल, सायट्रिक आम्ल असे साधे घटक होते. ओलाप्लेक्सने २०१७ मध्ये लोरेआल या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीवर अमेरिकेत पेटंटभंगाचा व व्यापारगुपिते वापरल्याचा दावा लावला. २०१९ मध्ये ज्यूरीने ओलाप्लेक्सच्या बाजूने ९ कोटी १० लाख डॉलरचा कौल दिला. २०२१ मध्ये अपील न्यायालयात हा निकाल टिकला नाही. वाद कल्पनेच्या मालकीचा होता. केस खरोखर जुळतो का, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते, आणि निकालांचा तसा दाखला देणे गैर ठरेल.

उत्पादकांचे स्पष्टीकरण असे, की डायमॅलिएटच्या दोन टोकांशी तुटलेल्या बंधांतील दोन थायॉल गट जोडले जातात आणि गंधक–गंधक बंधाच्या जागी एक लांबट पूल तयार होतो. यावर दोन आक्षेप आहेत. एक, ब्लीचनंतर शिल्लक राहतात ती प्रामुख्याने सिस्टेइक आम्ले. त्यांच्याशी ही अभिक्रिया होत नाही. दोन, हे संयुग मुळात डायअमाइन व मॅलेइक आम्ल यांचा क्षार आहे, त्यामुळे पाण्यात त्याचे दोन भाग सुटे होतात आणि एकसंध पुलाची कल्पना डळमळीत होते. पर्यायी स्पष्टीकरणानुसार ही आम्ले तीन साधी कामे करतात. ती ब्लीचची अल्कता थोडी उतरवतात. केसात नळाच्या पाण्यातून साठलेले तांबे, लोह यांसारखे धातू बांधून ठेवतात. हे धातू पेरॉक्साइडपासून अतिशय विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होण्यास मदत करतात. शिवाय ती केसातील आयनिक बंध बळकट करतात. साध्या आम्लांच्या उत्पादनांनाही कमीअधिक तसाच परिणाम मिळतो हे पाहता दुसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते. काही थायॉल गट जोडले जात असण्याची शक्यता मात्र पूर्णपणे नाकारता येत नाही.

परिणाम मोजण्याच्या पद्धतींनी या प्रश्नाचा गुंता वाढवला आहे. केराटिनचे पाण्यातील विघटन-तापमान, म्हणजे ज्या तापमानाला त्याची रचना मोडते ते, मोजणे ही प्रचलित रीत होय. निरोगी केसात ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, ब्लीचनंतर घटते आणि उपचारानंतर काही अंश चढते. पण केसातील आम्ल-क्षारांच्या प्रमाणानेही हे तापमान हलते. त्यामुळे चढलेला आकडा म्हणजे जुळलेला डायसल्फाइड बंध असे समीकरण मांडता येत नाही. ओल्या केसाची तन्यता-चाचणी (केस ताणून त्याची ताकद मोजणे) अधिक विश्वासार्ह मानावी. विंचरण्यास लागणारे बल मोजणाऱ्या चाचण्या बहुतांशी पृष्ठभागाविषयी सांगतात, आणि तेथे साधा कंडिशनरही चांगले गुण मिळवतो.

सलूनमधील पद्धतीत पहिले द्रव्य ब्लीचच्या वाटीतच मिसळतात. ब्लीच धुतल्यावर दुसरे मलईसारखे द्रव्य किमान दहा मिनिटे ठेवून मग शाम्पू करतात. मिश्रणामुळे ब्लीचचा वेग मंदावतो. मग हवी तेवढी उजळ छटा गाठण्यासाठी ६ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांचा डेव्हलपर (ब्लीचमध्ये मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण) घेतला जातो, आणि मिळालेल्या संरक्षणाचा काही भाग तेथेच खर्ची पडतो. तुलना करायची तर सारख्या वेळेची नव्हे, सारख्या उजळलेल्या केसांची करावी. तशी केल्यावरही फरक उरतो, पण तो जाहिरातीतील छायाचित्रांइतका मोठा नसतो.

रंगवलेल्या केसांसाठी हा खर्च योग्य का, याचे उत्तर रंग कसा दिला आहे यावर अवलंबून राहते. गडद केस अनेक छटांनी उजळायचे असतील, आधी ब्लीच झालेल्या लांबीवर पुन्हा ब्लीच चढणार असेल किंवा हायलाइट्स वारंवार होत असतील, तर ब्लीचमध्येच मिसळलेले द्रव्य उपयोगी पडते. फक्त पांढरे केस झाकण्यासाठी मुळांना लावलेल्या गडद कायम रंगात पेरॉक्साइड सौम्य असतो व परसल्फेट नसते. तेथे वेगळे पैसे मोजण्याइतका लाभ सहसा दिसत नाही. पेरॉक्साइडविरहित तात्पुरत्या रंगांत तर वाचवायला बंध तुटतच नाहीत. रंग झाल्यावर काही आठवड्यांनी स्वतंत्रपणे घेतलेला उपचार हा सर्वांत कमजोर प्रकार म्हणावा लागेल. केस मऊ लागतात, कमी गुंततात, पण तेवढे काम आम्लधर्मी कंडिशनर व उष्ण उपकरणांचा मर्यादित वापर यांनीही बऱ्याच अंशी होते. दुभंगलेली टोके कोणत्याही द्रव्याने सांधली जात नाहीत. केस महिन्याला साधारण १ सेंमी. वाढतो, खराब लांबी निघून जायला त्या गतीनेच वेळ लागतो.

पेप्टाइडांवर (ॲमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर) आधारित उपचार हा वेगळा गट. त्यांपैकी के१८ या उत्पादनाची कंपनी युनिलिव्हरने विकत घेण्याचा करार २०२३ च्या अखेरीस जाहीर केला. लहान पेप्टाइडे कॉर्टेक्समध्ये शिरून केराटिन साखळ्यांना आधार देतात असा दावा आहे. या विषयावर पोर्तुगालमधील मिन्यो विद्यापीठातून संशोधन प्रसिद्ध झाले आहे.

बंध-उपचाराने रंगातील पॅरा-फेनिलिनडायअमाइनची ॲलर्जी टळत नाही. परसल्फेटांमुळे त्वचेला व श्वसनमार्गाला होणारा त्रास, ज्यात केशकर्मींना जडणारा दमाही येतो, तसाच राहतो. म्हणून रंगाची त्वचाचाचणी आणि हवेशीर जागा यांना या द्रव्यांचा पर्याय नाही.