एकदिश प्रवाहासाठी मंडल खंडकाची निवड

कमी दाबाच्या एकदिश म्हणजेच डीसी मंडलात दोष उद्‌भवताच प्रवाह आपोआप तोडणारे साधन, म्हणजे मंडल खंडक (सर्किट ब्रेकर), निवडण्याचे निकष. डीसीसाठी १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब कमी दाब मानतात; एसीसाठी ही मर्यादा १,००० व्होल्ट आहे. सौर पॅनेल, बॅटरी-संच व दूरसंचार केंद्रे यांत असे खंडक लागतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर ३ फेब्रुवारी १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसी होते व मध्य रेल्वेवर ते २०१६ पर्यंत टिकले. मात्र कर्षणातील (गाडी ओढण्याच्या विद्युत यंत्रणेतील) शीघ्रगती खंडकांना रेल्वेची स्वतंत्र मानके लागू होतात.

खंडकाच्या उगमाविषयी एकमत नाही. चार्ल्स ग्राफ्टन पेज यांच्या सुमारे १८३६ च्या व त्यानंतरच्या प्रयोगांत स्वयंचलित खंडक आढळतो. परंतु तेथे प्रवाह वारंवार तोडायचा तो प्रवर्तनासाठी (वेटोळ्यात वीज उत्पन्न करण्यासाठी), संरक्षणासाठी नव्हे. एडिसन यांनी १८७९ च्या सुमारास संरक्षक खंडकाची कल्पना मांडली, तथापि त्यांच्या प्रत्यक्ष पुरवठ्यात वितळतारच (फ्यूज) वापरली गेली. आजच्या एमसीबीचे (लघु मंडल खंडकाचे) श्रेय बहुधा मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्स यांच्या १९२४ मधील एकस्वाला देतात. डीसीपुरते पाहता १८८० च्या दशकात एलिहू टॉमसन यांनी पुढे आणलेली चुंबकीय फुंकर अधिक मोलाची ठरते, कारण डीसी तोडण्यातली खरी अडचण प्रज्योतीची, म्हणजे संपर्क सुटताना त्यांच्यामधल्या फटीत पेटणाऱ्या विद्युत ज्योतीची आहे; ही फुंकर चुंबकीय क्षेत्राने ती ज्योत दूर ढकलते.

५० हर्ट्‌झच्या एसी प्रवाहाचे मूल्य सेकंदाला १०० वेळा शून्य होते व तेथे प्रज्योत विझण्याची संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही. प्रज्योतीचा दाब स्रोताच्या दाबाहून अधिक झाला तरच प्रवाह उतरतो. यासाठी चुंबकीय क्षेत्राने प्रज्योत धातूच्या पट्ट्यांच्या कोठडीत ढकलून तिचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर साधारण २० ते ३० व्होल्ट पडतात. म्हणून अँपिअरआधी दाब पाहावा. केवळ २४० व्होल्ट एसीचा शिक्का असलेला एमसीबी तेवढ्याच डीसीवर वापरणे धोक्याचे आहे.

अधिक दाबासाठी खंडकाचे ध्रुव (प्रवाह तोडणारे स्वतंत्र संपर्क-भाग) एकसरीत जोडतात. एक टोक भूसंपर्कित असेल, तर पूर्ण दाब तोडणारे सर्व ध्रुव भूसंपर्क नसलेल्या बाजूला असावे लागतात. काही खंडकांत कायमचुंबक असतो व त्यांवर धन-ऋण खुणा असतात. प्रवाह उलटा वाहिल्यास प्रज्योत कोठडीऐवजी विरुद्ध दिशेला जाते आणि खंडक जळू शकतो. बॅटरी भारित होताना व रिकामी होताना प्रवाहाची दिशा बदलते, त्यामुळे तेथे ध्रुवतानिरपेक्ष खंडकच घ्यावा.

बॅटरीजवळ तोडण्याची क्षमता निर्णायक असते. ४८ व्होल्टच्या संचाचा व तारांचा मिळून रोध १० मिलिओहम असल्यास शॉर्ट सर्किटचा प्रवाह ४,८०० अँपिअर होतो. मंडलाची प्रवर्तकता (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) व रोध यांचे गुणोत्तर, म्हणजे कालांकही पाहावा. तो मोठा असेल तर साठलेली ऊर्जा प्रज्योतीतच खर्ची पडते. तात्काळ तुटण्याची सीमाही बदलते : सी वक्राच्या, म्हणजे एका प्रमाणित ट्रिप-प्रकाराच्या, खंडकाची एसीवरील निर्धारित प्रवाहाच्या ५ ते १० पट ही मर्यादा डीसीवर ७ ते १५ पट धरतात.

सौर पॅनेलच्या मंडलात परिस्थिती उलट असते. पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच अधिक असतो, त्यामुळे एकसरीत जोडलेल्या पॅनेलांच्या एकट्या मालिकेतल्या दोषाने खंडक ट्रिप होईलच असे नाही. समांतर मालिकांसाठी सौर फ्यूज लागतात. दाब मात्र थंडीत वाढतो. २५° से.ला ४९ व्होल्ट खुला दाब असलेली २० पॅनेल एकसरीत ९८० व्होल्ट देतात. सेल्सिअस अंशामागे ०·३ टक्के वाढ धरल्यास ५° से.ला हा दाब सुमारे १,०३९ व्होल्ट होतो. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या पहाटे पारा याहूनही खाली जातो. तेथे १,००० व्होल्टचा खंडक अपुरा पडेल.

गच्चीवरील बंद पेटीत उन्हाळ्यात खंडकातील औष्णिक पट्टी (जादा प्रवाहाने तापून वाकणारी व खंडक तोडणारी) लवकर वाकते. निर्मात्याच्या तापमान-तक्त्यानुसार अँपिअरचे मूल्य कमी धरावे लागते.