बसमधल्या नन, ज्या नन नव्हत्या

2012च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून एक बस निघाली आणि नऊ राज्यं फिरून, साधारण 4,300 किलोमीटर कापून वॉशिंग्टनला पोचली. आत कॅथलिक सिस्टर होत्या. खासदार पॉल रायन यांनी संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पात गरिबांच्या अन्नमदतीला आणि आरोग्यखर्चाला कात्री लागणार होती. वाटेतल्या अन्नछत्रांत थांबत, लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्या गाठत या बायका त्याला विरोध करत होत्या. पुढे होत्या सिस्टर सिमोन कॅम्पबेल, पेशाने वकील, सामाजिक न्यायासाठी झगडणाऱ्या 'नेटवर्क' या कॅथलिक संस्थेच्या प्रमुख. मोहिमेचं नाव होतं 'नन्स ऑन द बस', आणि ते बातम्यांत चांगलंच चाललं.

पण चर्चच्या कायद्याच्या काटेकोर अर्थाने सिस्टर सिमोन नन नाहीत. बसमध्ये बसून गावोगाव हिंडायचं, हेच मुळी ननच्या व्याख्येत बसत नाही.

आपल्याकडे घोळ आणखी मोठा. मराठीत 'सिस्टर' म्हटलं की आधी दवाखान्यातली नर्स आठवते. 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा, मग तिच्या संचालक मंडळावर नगरसेवक आणि त्यांचे दोन मेहुणे का असेनात. वसईकडचे ख्रिस्ती लोक 'धर्मभगिनी' म्हणतात, गोव्यात 'मादर' म्हणतात, बाकीचे सरसकट 'नन'. लॅटिन कायद्यात मात्र या दोन वेगळ्या बायका आहेत: 'मोनियालिस' आणि 'सोरोर'. इथे पहिलीला मठवासिनी म्हणू, दुसरीला धर्मभगिनी. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं दोघीही घेतात. पेहरावावरूनही ओळख पटेलच असं नाही. फरक आहे तो दाराचा.

मठवासिनी पाहायची तर जुन्या गोव्यात जावं. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याजवळ सांता मोनिका नावाचा तीन मजली, किल्ल्यासारखा दगडी मठ आहे. 1606 मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी त्याची सुरुवात केली. इथे जी बाई आत गेली, ती गेली. आईबाप भेटायला आले तरी मध्ये जाळी. मठवासिनी आपलं आयुष्य एका विशिष्ट घराला बांधून घेते. तिचं काम प्रार्थना, दिवसातून ठरलेल्या वेळांना, जन्मभर. हे काम जगाच्याच वतीने चाललं आहे असं चर्च मानतं, म्हणून तिला 'जगापासून पळालेली' म्हणणं बरोबर नाही. प्रत्येक मठ बहुतेक करून स्वायत्त असतो, तिथली प्रमुख त्या घरापुरती प्रमुख, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात बदली हा प्रकार नाही.

ही जाळी कायद्याने आली. 1298 मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी फर्मान काढलं की सर्व मठवासिनींनी कायम भिंतीआडच राहायचं. ट्रेंटच्या धर्मसभेने ते पुन्हा बजावलं आणि 1566 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पळवाटाही बुजवल्या. पुरुषांना हा नियम नव्हता. त्या फर्मानाच्या आधीही हेच दिसतं: असिसीचे फ्रान्सिस भिक्षा मागत गावोगाव फिरले; त्यांच्याच वाटेने निघालेल्या क्लेरने सान दामियानो मठाच्या आवारात चाळीस वर्षं काढली. बाईची अब्रू, घराण्याची इभ्रत, हुंड्याचा हिशेब हे सगळं त्या जाळीला गुंडाळलेलं होतं. आपल्याला हे समजायला फार कल्पनाशक्ती लागू नये.

आता दुसरी बाई. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी 1609च्या सुमारास बायकांचा एक संघ उभा केला. जेझुइट फादर जसे जिथे गरज असेल तिथे जातात, तसंच आम्हालाही जायचंय, मुलींना शिकवायचंय, असा त्यांचा आग्रह. 1631 मध्ये पोप अर्बन आठवे यांनी तो संघच मोडीत काढला, आणि मेरी वॉर्ड यांना म्युनिकमध्ये काही काळ डांबून ठेवलं. कुठे, तर क्लेरच्या परंपरेतल्या मठवासिनींच्या भिंतीआड.

पॅरिसमध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईस द मारियाक यांनी 1633 मध्ये जास्त चतुराई दाखवली. रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या गावाकडच्या मुलींचा गट त्यांनी बांधला, पण त्यांना मठवासिनी म्हणवून घेऊ दिलं नाही. मठवासिनी म्हटलं की भिंत आलीच, हे व्हिन्सेंट पुरते ओळखून होते. कुणी बिशपने विचारलं तर सरळ 'नाही' म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. तुमचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं, तुमचं आवार म्हणजे शहरातले रस्ते, हेही त्यांचंच सांगणं. या बायका व्रत वर्षापुरतं घेत आणि दरवर्षी नव्याने घेत. ही प्रथा त्यांच्यात अजून चालू आहे.

हा खुबीचा मार्ग पुढे शेकडो संघांनी धरला. 18व्या-19व्या शतकात शाळा, दवाखाने, अनाथाश्रम चालवणाऱ्या हजारो बायका अशा होत्या, ज्यांना रोम धड 'व्रतस्थ' मानतही नव्हतं. मठवासिनींची व्रतं कायद्याने 'गंभीर', यांची नुसती 'साधी'. अखेर 1900 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी या साध्या व्रतांच्या बायकांनाही खऱ्या अर्थाने धर्मव्रती मानलं.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. धर्मभगिनी आज मोर्चात, कोर्टात, खाणीच्या तोंडाशी दिसतात त्या कुणी एके दिवशी त्यांना मोकळीक बहाल केली म्हणून नाही. त्यांना तीन शतकं दुय्यम मोजलं गेलं, आणि त्या दुय्यमपणाच्या फटीतून त्या बाहेर पडल्या. प्रतिष्ठा मठवासिनीला मिळाली, रस्ता धर्मभगिनीला.

कामाची यंत्रणाही त्यातूनच घडली. धर्मभगिनी एका घराची नसते, संघाची असते. संघ तिला कायदा शिकायला पाठवतो, दुसऱ्या देशात पाठवतो, दहा वर्षांनी परत बोलावतो. तिला घर चालवायचं नसतं आणि पगार तिच्या खिशात जात नसतो. अनेक संघांना थेट रोमची मान्यता असते, त्यामुळे अंतर्गत कारभारात स्थानिक बिशपचा शब्द अखेरचा नसतो. सरकारी धोरणाशी भांडायला याहून सोयीची रचना कुणी मुद्दाम आखूनही काढली नसती.

मात्र धर्मभगिनी म्हणजे आंदोलक, असंही समीकरण नाही. मेरी वॉर्डच्याच परंपरेतल्या लोरेटो संघात मदर तेरेसा होत्या, आणि गंमत बघा, तोवर तो संघही इतका आतल्या आत गेला होता की कोलकात्याच्या वस्तीत राहायला 1948 मध्ये त्यांना रोमची परवानगी काढावी लागली. पुढे त्यांनी काढलेल्या संघाने रस्त्यावर मरणाऱ्याला उचललं. तो रस्त्यावर का आला, या प्रश्नाच्या राजकारणात जाणीवपूर्वक हात घातला नाही. त्यावर टीका झाली, अजूनही होते. मला ती अर्धीच पटते. पण सेवा आणि न्यायाची मागणी या दोन गोष्टी आहेत, एवढं मान्य करावंच लागतं.

दुसरी गोष्ट पाहायची तर मुंबई जवळ आहे. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी 1985 मध्ये घरकामगार बायकांची चळवळ उभी केली. भांडी-धुणं करणाऱ्या बाईला जुने कपडे आणि उरलेलं अन्न देणारे पुष्कळ होते. तिला सुट्टी, किमान वेतन, आणि मुळात 'कामगार' हे नाव मिळावं म्हणून भांडणारे कमी. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यामागे अनेक संघटनांचा रेटा होता. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अजून संमती दिलेली नाही, आणि घरकामगारांना आपण अजून 'आमच्याकडे असते ती' म्हणतो.

अशा कामाची किंमत कधी कधी फार मोठी असते. सिस्टर राणी मारिया केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करत होत्या. सरकारी योजना समजावणं, बचतीची सवय लावणं, सावकाराच्या वहीतून माणसं सोडवणं असं ते काम. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या इंदूरला निघालेल्या बसमध्ये बसल्या आणि भर रस्त्यात, प्रवाशांच्या देखत त्यांना भोसकण्यात आलं. अंगावर 54 जखमा होत्या. वय 41. मारेकऱ्याला, समंदर सिंगला, पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने राखी बांधली, त्याही धर्मभगिनीच. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं. त्यांच्या संघाचं नाव फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. त्यातलं 'क्लॅरिस्ट' हे त्या क्लेरवरूनच, जिने चाळीस वर्षं आवार सोडलं नव्हतं.

सीमारेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. जन्माने ज्यू असलेल्या जर्मन तत्त्वज्ञ एडिथ श्टाइन यांनी एप्रिल 1933 मध्ये ज्यूंच्या छळाविरुद्ध बोला म्हणून पोपना पत्र लिहिलं, तेव्हा त्या साध्या अध्यापिका होत्या. ऑक्टोबरमध्ये त्या कोलोनच्या कार्मेल मठात शिरल्या. पत्र जाळीबाहेर असताना लिहिलं, आणि 1942 मध्ये नाझींनी त्यांना नेदरलँड्समधल्या मठातून ओढून आउश्वित्झला नेऊन मारलं. उलट बाजूने, स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या तेरेसा फोर्काडेस बेनेडिक्टाइन मठवासिनी, म्हणजे अस्सल अर्थाने नन. 2013 मध्ये त्यांनी एक राजकीय चळवळ सुरू केली; 2015 मध्ये त्यासाठी मठाबाहेर राहण्याची रीतसर परवानगी घेतली आणि 2018 मध्ये परत आत गेल्या. मठवासिनीला आंदोलन करायचं तर आधी बाहेर पडण्याची सोय करावी लागते, ती अशी.

धर्मभगिनीलाही मोकळं रान नाही. कायदे बदला म्हणणं चालतं, कायदा राबवणारं पद घेणं चालत नाही. अमेरिकेत अर्लीन व्हायोलेट यांना ऱ्होड आयलंडच्या अ‍ॅटर्नी जनरलची निवडणूक लढवायची होती. संघ की निवडणूक असं दोन्हींतलं एक निवडावं लागलं. त्यांनी संघ सोडला आणि 1984 मध्ये निवडून आल्या. त्याआधीच्या काळात मोकळीक अधिक होती: हंगेरीच्या मार्गित श्लाख्ता 1920 मध्ये तिथल्या संसदेतल्या पहिल्या स्त्री सदस्य, आणि त्या धर्मभगिनी होत्या. त्यांनीच 1923 मध्ये स्थापलेल्या संघाच्या परंपरेतून सिमोन कॅम्पबेल आल्या.

ती बस निघण्याच्या दोन महिने आधी, 18 एप्रिल 2012 रोजी, व्हॅटिकनने अमेरिकेतल्या धर्मभगिनींच्या सर्वांत मोठ्या संघटनेवर ठपका ठेवणारा अहवाल काढला होता. 'नेटवर्क'चंही त्यात नाव होतं. तक्रार साधारण अशी, की सामाजिक न्यायावर भरभरून बोलता, गर्भपाताबद्दल मात्र गप्प. हे प्रकरण एप्रिल 2015 मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या काळात, मिटवण्यात आलं. दरम्यान 'नेटवर्क' हे नाव घरोघरी पोचलं ते त्या अहवालामुळेच. 2022 मध्ये सिस्टर सिमोन यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, आणि बातम्यांत त्यांच्या नावामागे पुन्हा 'नन' लागलं.

जुन्या गोव्यातल्या त्या मठाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 1834 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले. आतल्या बायकांना मरेपर्यंत राहू दिलं, नवीन कुणाला घेऊ दिलं नाही. एकेक करून त्या संपल्या आणि इमारत रिकामी झाली. 1964 मध्ये तिथे माटेर देई नावाची संस्था सुरू झाली. वेगवेगळ्या संघांच्या धर्मभगिनी धर्मशास्त्र शिकायला तिथे येतात, आणि अभ्यास झाला की त्याच दारातून आपापल्या कामाला निघून जातात.