आधी थोडा किरणोत्सार, मग जास्त: १९८४च्या एका प्रयोगामागची कहाणी

या गोष्टीची सुरुवात किरणोत्सारातून झाली नाही. १९७७ साली लिओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांना ई. कोलाय जिवाणूंमध्ये एक विचित्र प्रकार दिसला. डीएनए बिघडवणाऱ्या रसायनाच्या अगदी कमी मात्रेत वाढलेले जिवाणू पुढे त्याच रसायनाचा मोठा मारा बरेच सहज सोसत होते. दुरुस्तीची यंत्रणा आधीच जागी झाली होती.

किरणोत्सारानेही असं होतं का? १९८४मध्ये ऑलिव्हिएरी, बॉडीकोट आणि शेल्डन वुल्फ यांनी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन असलेल्या थायमिडीनमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका घटकात, वाढवल्या आणि नंतर त्यांना क्ष-किरणांची दीड ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचं एकक) मात्रा दिली. दोन्ही इजांची बेरीज होऊन गुणसूत्रांमधले दोष वाढायला हवे होते. ते चक्क कमी भरले. पुढे नुसत्या १० मिलिग्रे क्ष-किरणांनीही हाच परिणाम साधला. मला यातला सर्वांत बोलका तपशील वेगळाच वाटतो: हे संरक्षण लगेच मिळत नाही, त्याला काही तास जावे लागतात आणि त्या काळात पेशीतली प्रथिननिर्मिती रोखली तर ते मिळतच नाही. म्हणजे पेशी काहीतरी नव्याने घडवते.

पण काही रक्तदात्यांच्या पेशींनी असा प्रतिसाद दिलाच नाही. शिवाय हा परिणाम टिकाऊ नव्हता. लसीशी त्याची तुलना करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

नंतर नैसर्गिक किरणोत्सार जास्त असलेल्या वस्त्यांकडे लक्ष गेलं. इराणमधल्या रामसरच्या रहिवाशांच्या पेशींना प्रयोगशाळेत दीड ग्रे मात्रा दिल्यावर इतरांच्या तुलनेत जवळपास निम्मेच दोष दिसले, असा निष्कर्ष २००२मध्ये आला; मात्र तपासलेली माणसं मोजकीच होती. केरळच्या मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा अभ्यास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ अनेक वर्षं करत आहेत. तिथल्याच करुनागप्पळ्ळीच्या मोठ्या पाहणीत कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. पण धोका न दिसणं वेगळं आणि संरक्षण सिद्ध होणं वेगळं.

तज्ज्ञांमध्येही फूट पडली. २००५मध्ये फ्रान्सच्या विज्ञान आणि वैद्यक अकादमींनी अत्यल्प मात्रेचा धोका सरळ रेषेत मोजण्यावर, म्हणजे मात्रा कितीही कमी असली तरी त्या प्रमाणात धोका उरतोच असं मानण्यावर, शंका घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने ती रेषाच उचलून धरली. २००७मध्ये किरणोत्सार संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही तीच कायम ठेवली. भारतात किरणोत्सारी कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी वार्षिक २० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामानुसार मोजलेल्या मात्रेचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३०, ही मर्यादा ठरवताना या संरक्षणाची सूट कुणालाच दिलेली नाही.